अर्धं बोट आत

कामोठ्याचं जुनं गाव जिथं संपतं आणि सेक्टरांच्या इमारती जिथं सुरू होतात, त्या वळणावर बळीरामभाऊंचं दुमजली घर आहे. वर भाऊ, त्यांची बायको सखूबाई, मुलगा परेश आणि त्याचा संसार. खाली रस्त्याच्या अंगाला एक गाळा. त्या गाळ्यात गेली सत्तावीस वर्षं शशिकला ब्लाऊज शिवते. दुकानावर पाटी नाही. ‘शशीबायकडं टाक’ एवढं सांगितलं की गावातल्या आणि सेक्टरातल्या बायकांना पत्ता कळतो.

शशिकला मूळची साताऱ्याकडची. नवरा कुमार कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर नोकरीला लागला, म्हणून लग्नानंतर इकडे आली. पनवेलच्या एका शिवणवर्गात शिकली. तिथल्या बाई फार कडक होत्या. फिटिंग बिघडलं आणि एखादी मुलगी म्हणाली, “बाई, त्यांचं अंगच तसं आहे,” की बाई टेबलावर पट्टी आपटायच्या. “गिऱ्हाइकाच्या अंगात खोट नसते. कापणारीच्या हातात असते.”

शशिकलाने ते मनावर घेतलं, आणि जरा जास्तच घेतलं. कुणाचा एक खांदा उतरता असे, कुणाची पाठ पुढे आलेली असे. ती त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. जे काही कमीजास्त असेल ते निमूटपणे कापडात सामावून घ्यायची आणि मापाच्या वहीत बारीक अक्षरात टिपून ठेवायची : ‘उजवा खांदा पाव इंच खाली.’ ‘डावा मुंढा सैल.’ गिऱ्हाईक आरशात बघे तेव्हा तिला स्वतःचं अंग नीट, दोन्हीकडून सारखं दिसे. खूश होऊन ती चार मैत्रिणींना सांगे. या एका गुणावर शशिकलाचं दुकान चाललं. कटोरी ब्लाऊज शिवावा तर तिनेच, असं पनवेल स्टेशनापर्यंत बोललं जायचं.

स्वतःचे ब्लाऊज ती सगळ्यांचे झाल्यावर, उरल्या वेळात शिवायची. दोन वर्षांपूर्वी असाच एक शिवून घातला, तर डाव्या बाजूला छातीवर चुणी पडली. कापड तिरकं कापलं गेलं असणार, असं म्हणून तिने त्या बाजूला अर्धं बोट आत घेतलं. चुणी गेली. सहा-सात महिन्यांनी पुन्हा आली. आता कापडाला दोष दिला, धुण्यात आटलं असेल म्हणाली, आणि आणखी थोडं आत घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत जे केलं तेच स्वतःच्या बाबतीत. अंगाकडे बघायचं तिच्या मनात आलं नाही.

मुलगी मिताली पुण्याला नोकरी करते. गौरीला आली तेव्हा आईची एक जुनी साडी तिला आवडली, म्हणून ब्लाऊजसकट नेसली.

“आई, हा कुणाचा ब्लाऊज?”

“माझाच की.”

“मग डावीकडे एवढा का आवळलाय? मला श्वास घेता येत नाहीये.”

“माझ्या मापाचा आहे तो. तुझ्या नाही.”

“तुझं माप काय एकीकडे वेगळं आणि एकीकडे वेगळं?” मिताली हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, “आई, जरा आतल्या खोलीत चल.”

तिथून पुढे सगळं मितालीने हातात घेतलं. डॉक्टर इरा म्हणून एक बाई डॉक्टर तिने शोधल्या, वयाने मितालीपेक्षा पाच-सात वर्षांनीच मोठ्या असतील. मॅमोग्राफी झाली, त्यात काही नाही. सोनोग्राफी झाली, त्यातही नाही. शशिकलाला वाटलं, सुटलो. पण डॉक्टर इरांनी दोन्ही बाजू पुन्हा हाताने तपासल्या आणि म्हणाल्या, “डावी बाजू आकसत चाललीये हे खरं आहे. चित्रात दिसत नाही म्हणून मी ते सोडून देणार नाही. एमआरआय करू.” एमआरआयमध्ये डाव्या बाजूला खोलवर एक ठिपका दिसला. तो दुसऱ्या कशातच दिसत नव्हता, म्हणून त्याचा तुकडा काढायचा तर तोही एमआरआयच्या यंत्रातच, चित्र बघत बघत काढायला हवा होता. बायोप्सी. ऑक्टोबरातला एक मंगळवार ठरला.

मितालीला त्या दिवशी सुट्टी मिळेना. कुमार म्हणाला, मी येतो. पण कुमारचं कसं, की रक्त तपासायला दंडातून सुई जाताना दिसली तरी त्याला घाम फुटतो. सखूबाईने जिन्यावरूनच निकाल दिला.

“तुमी घरी बसा, दादा. सुई टोचनार हिला आन आडवं पडनार तुमी. मी कुनाकुनाला सांबालू? मी जाते हिच्यासंगती.”

सखूबाई शशिकलापेक्षा पाच वर्षांनी मोठी. ही तिला वैनी म्हणते. सखूबाईच्या माहेरी उरणकडे मिठागरं होती, लहानपणी उन्हात मीठ ओढलेली बाई. तिला आवाज हळू ठेवता येत नाही, आणि कुठल्याही मोठ्या इमारतीत ती बावरत नाही. गाळा द्यायच्या दिवशी तिने शशिकलाला एकच अट घातली होती : “माजा बलाऊज सगल्यांच्या आदी.” ती अट सत्तावीस वर्षं पाळली गेली होती.

महामार्गालगतच्या त्या मोठ्या रुग्णालयात आधी एक फॉर्म भरायचा होता. कोमल नावाची सिस्टर एकेक विचारत होती. पेसमेकर आहे का? कधी ऑपरेशन झालंय का? मूत्रपिंडाचा त्रास? कसली ॲलर्जी? रक्त पातळ करणारी गोळी? आणि शेवटी, “शरीरात कुठे धातूचा तुकडा?”

शशिकलाने एक बोट पुढे केलं. “या बोटात सुईचं टोक आहे,” ती म्हणाली. “मशीनची सुई मोडली होती, मिताली पाचवीत होती तेव्हा. अर्धी निघाली, अर्धी आतच राहिली.”

“मागच्या एमआरआयच्या वेळी सांगितलंत?”

“कुणी इतकं नीट विचारलं नाही आणि मला सुचलं नाही.”

मग आधी बोटाचा एक्स-रे. कुंदन नावाचा तंत्रज्ञ फिल्म घेऊन आला तो हसत. “मावशी, या बोटात काहीही नाही. ती सुई तुम्हाला सोडून केव्हाच गेली. तुम्हीच तिला धरून बसलात.”

शशिकला ओशाळली. पंधरा-सोळा वर्षं तिने ते बोट जपलं होतं. जाड कापड त्या बोटाने ओढायचं नाही, पिळे पिळायचे नाहीत, थंडीत तेल लावायचं.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना, सगळं काढायचं होतं. सखूबाईने ते पदरात बांधून घेतलं आणि गाठीवर मूठ ठेवून बसली. “जा तू. यमाला बी सोडनार नाय मी ही गाठ.” शशिकलाने रुग्णालयाचा पुढून उघडणारा झगा घातला. हाताच्या शिरेत सुई लावून ठेवली. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं, तर सखूबाई शेजारच्या अनोळखी बाईला विचारत होती, “तुमचा काय दुकतंय?”

डॉक्टर इरांनी सगळं आधीच समजावलं होतं, तरी आत गेल्यावर प्रत्येक गोष्ट नवी वाटली. पालथं झोपायचं होतं. टेबलाला दोन खोलगट मोकळ्या जागा, त्यांतून छाती खाली सुटते. कपाळ एका मऊ कड्यावर, हात डोक्यापुढे. डावी बाजू दोन पट्ट्यांच्या मधे धरली. एका पट्टीला चौकोनी भोकांची जाळी होती. दाब बसला, पण दुखेल इतका नाही. शशिकलाला वाटलं, कापड पायाखाली धरतो तसं धरलंय मला. शिवणयंत्राच्या पायाखाली.

“कानात बोळे घातलेत, वरून हेडफोन,” कुंदन म्हणाला. “मोठा आवाज होईल. हातात हा फुगा आहे, काही वाटलं तर दाबा. आता एकच सांगतो, हलायचं नाही. आम्ही जागा मोजणार. तुम्ही हललात तर माप चुकलं.”

“माप मला नका सांगू,” ती तोंडातल्या तोंडात म्हणाली.

टेबल आत सरकलं. ठोके सुरू झाले. आधी सावकाश, मग भरभर, मग कुणी पत्र्यावर हातोडी मारत बसल्यासारखे. थोड्या वेळाने शिरेतून औषध गेलं. दंडापासून खांद्यापर्यंत गार धार चढली आणि तोंडाला विचित्र चव आली. मग टेबल बाहेर आलं. डॉक्टर इरांचा आवाज : “ठिपका दिसतोय, जागा मिळाली. आता बधिर करायचं इंजेक्शन. टोचेल आणि चुरचुरेल, दहा आकडे मोजा.” सहापर्यंत चुरचुरलं. नंतर तिथे कुणीतरी काहीतरी करतंय एवढंच कळत होतं. बारीकशी चीर दिली, जाळीच्या एका चौकोनातून पोकळ नळी आत गेली. नळी नेमकी ठिपक्यापाशी आहे की नाही ते बघायला टेबल पुन्हा आत सरकलं.

इथेच सगळ्यात जास्त थांबावं लागलं. मान अवघडली. नाकाचा शेंडा खाजायला लागला. हलायचं नाही म्हणून शशिकलाने मनाला एक काम दिलं. मापाची वही तिला तोंडपाठ होती. ती पहिल्या पानापासून एकेक बाई आठवत गेली. शाळेतल्या कुळकर्णीबाई, छत्तीस, पाठ खोल नको. सेक्टर अकरातली गुजराती सून, चौतीस, बाही कोपरापर्यंत. जगन वायरमनची बायको, मुंढा सैल.

सखूबाईचं पान आलं. चाळीस. गळा चौकोनी, बाही दंडाला घट्ट नको. आणि त्याखाली तिच्याच अक्षरात : शिमगा, ‘डावी बाजू अर्धं बोट आत.’ त्याखाली गौरी, ‘आणखी अर्धं.’

ठोके चालू होते.  शशिकलाचा खांदा दचकून हलला असावा, कारण हेडफोनमधून लगेच कुंदन बोलला. “मावशी, हलू नका. झालंच आहे आता. दुखतंय का?”

“नाही.”

“मग शांत पडा.”

ती शांत पडली. उठून बाहेर धावत जावं आणि पदराला गाठ मारून बसलेल्या त्या बाईच्या अंगावरचा ब्लाऊज उसवून बघावा, असं वाटत असताना, पालथी, कपाळ कड्यावर टेकून ती पडून राहिली. आपला ठिपका ती विसरूनच गेली. टेबल बाहेर आलं. “आता तुकडे घेतेय, आवाज येईल,” डॉक्टर म्हणाल्या. बॉबिन भरताना होते तशी घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. मग तिळाएवढी एक खूण आत ठेवली. पुढे कधी बघायचं तर जागा सापडावी म्हणून ती तशीच राहणार होती. कोमल सिस्टरने पंधरा मिनिटं जागा तळव्याने दाबून धरली, टाका न घालता पट्ट्या चिकटवल्या, बर्फाची पिशवी दिली. खूण नीट बसली का ते बघायला हलकीशी मॅमोग्राफी झाली. दोन दिवस जड उचलायचं नाही, मशीन चालवायचं नाही, निळंजांभळं दिसलं तर घाबरायचं नाही, रक्त थांबेना झालं किंवा ताप आला तर फोन करायचा. सगळं मिळून तास-सव्वा तास. सांगण्यासारखं दुखलं नव्हतं.

बाहेर सखूबाईने गाठ सोडली आणि एकेक बांगडी तिच्या हातात चढवायला लागली. “रडतेस काय? येवडा दुकला?”

शशिकला तिच्या छातीकडे बघत होती. तिनेच शिवलेला ब्लाऊज. कुठेही चुणी नाही.

रिक्षात बसल्यावर तिने विषय काढला.

“वैनी, शिमग्याला तुमचा मोरपंखी शिवला, तेव्हा डावी बाजू मी आत घेतली होती.”

“मग? झ्याक बसला.”

“गौरीला पुन्हा घेतली.”

“तू नाय घेनार तर कोन घेनार?”

“तुम्ही सांगितलं नव्हतं वैनी. मी आपल्या मनाने घेतली. माझंही असंच झालं. असंच अर्धं अर्धं.”

सखूबाईने तोंड रस्त्याकडे फिरवलं. कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. “तुला डाक्टरनी येक सुई टोचली,” ती म्हणाली, “आन तू लगेच मना पेशंट केलीस?”

“हाताला काही लागतं का?”

“आमी कदी हात लावून बगितलाय? साबन फिरवते तेवडाच.”

“उद्या डॉक्टरांकडे चला माझ्याबरोबर.”

“नाय.” मग आवाज थोडा खाली आला. सखूबाईचा आवाज खाली आलेला शशिकलाने फार थोड्या वेळा ऐकला होता. “तुजा रिपोट येऊ दे. तुजा चांगला आला तर माजा बी चांगलाच. वाईट आला तर दोगी जाऊ. बरोबर जाऊ.”

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस शशिकलाने कसे काढले ते तिने कुणाला सांगितलं नाही. सकाळी देवापुढे दिवा लावून ती म्हणायची, चांगला येऊ दे. आणि म्हणून झालं की तिला जिन्यावरून सखूबाईची हाक ऐकू यायची.

आठव्या दिवशी डॉक्टर इरांनी कागद पुढे केला. “कॅन्सर नाही. आतले तंतू घट्ट होऊन ती जागा आकसलीये. चित्र आणि तुकडे एकमेकांशी जुळतात, पण सहा महिन्यांनी एमआरआय पुन्हा करायचा. चुकवायचा नाही.” कुमारने रुग्णालयाच्या दारातच डोळे पुसले. मिताली फोनवर रडली आणि हसली. शशिकलाने डॉक्टरांना सखूबाईचं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, “त्यांचा रिपोर्ट तुमच्या रिपोर्टवरून ठरत नाही. त्यांना घेऊन या. या आठवड्यात.”

कुमारने पेढे घेतले. पुडा घेऊन शशिकला जिना चढली. वर सखूबाई पाय पसरून सुकट निवडत बसली होती. हात थांबले.

“काय आला?”

आणि तिथे, शेवटच्या पायरीवर, शशिकलाच्या मनात आलं की वाईट आला म्हणावं. एवढाच एक शब्द. मग ही उठेल, आणि उद्या सकाळी दोघी जाऊ. पुडा पदराखाली लपवता आला असता. पण सखूबाई तिच्याकडे अशी बघत होती, आपल्यापेक्षा तिच्याच भीतीने, की शशिकलाला ते जमलं नाही.

“चांगला आला,” ती म्हणाली.

“बगितलास?” सखूबाईने सुकटाच्याच हाताने पेढा घेतला. “मी काय बोल्लेली? आता माजा डोका खाऊ नको.”

शशिकलाने डोकं खाल्लं. रोज खाल्लं. बळीरामभाऊंशी बोलली, तर असल्या गोष्टीचं नाव निघताच भाऊंनी मान फिरवली आणि म्हणाले, “तिचा ती बगंल.” परेशला गाठलं. परेशच्या मुलीचं, समीक्षाचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. तो हॉल, बँजो आणि मांडवाच्या धावपळीत होता. “लग्न होऊ दे मावशी,” तो म्हणाला. “आईला आत्ता नको घाबरवू. तुझं तर काही निघालं नाही ना?” जो तो तिचाच चांगला रिपोर्ट तिच्या तोंडावर फेकत होता.

जानेवारीत सखूबाई कापड घेऊन खाली आली. हळदीला घरातल्या सगळ्या बायकांनी एकसारख्या पिवळ्या साड्या नेसायच्या होत्या. शशिकलाने कापडाला हात लावला नाही.

“आधी डॉक्टरकडे चला. मग कापते.”

“आदी बलाऊज. मग लगीन. मग डाक्टर.”

“मी कात्री धरणार नाही, वैनी.”

“माज्या गाल्यात बसून मनाच नाय म्हनतेस?” सखूबाईचा चेहरा लाल झाला. कापड उचलून ती गेली आणि सेक्टरातल्या दुसऱ्या शिवणारीकडे टाकून आली. सत्तावीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. महिनाभर दोघी बोलल्या नाहीत. जिन्यावर गाठ पडली तर सखूबाई भिंतीशी बोलायची : “काई लोकांना लय शिकवायची सवय.”

हळदीला शशिकला गेली, पण मागे खुर्चीवर बसली. मांडवात बँजो वाजत होता, पिवळ्या साड्यांचा घोळका नाचत होता, मधे सखूबाई सगळ्यांत जोरात. त्या दुसऱ्या बाईने ब्लाऊज नियमाप्रमाणे शिवला होता, दोन्ही बाजू सारख्या. उजवीकडे तो नीट बसला होता. डावीकडे हवा भरल्यासारखा पोकळ सुटला होता, आणि पदर सरकला की चुणी खालपर्यंत पळायची. शशिकलाने मान खाली घातली.

लग्न पार पडल्यावर चौथ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर असताना सखूबाई वाकून आत आली. हातात समीक्षाचा हळदीतला फोटो होता, आजी आणि नात. तिने तो मशीनवर ठेवला आणि फोटोतल्या डाव्या बाजूवर बोट ठेवलं.

“मना वाटला, त्या बयेला शिवता येत नाय. घरी जाऊन आरशासमोर हुबी रायली. बलाऊज काडला, पुन्यांदा घातला.” ती स्टुलावर बसली. “शशीबाय, ही चुनी तू मना कदी दिसूच दिली नाय.”

त्यात राग नव्हता. म्हणूनच शशिकलाला ते सोसेना.

त्याच दिवशी दोघी गेल्या. सखूबाईला एमआरआयची वगैरे गरज पडली नाही. साध्या सोनोग्राफीतच दिसलं, काखेतही दिसलं, त्याच आठवड्यात साध्या सुईने तुकडा घेतला. या वेळी बांगड्या शशिकलाच्या पदरात होत्या. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर इरांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पुढच्या तपासणीत कळलं की ते पाठीच्या मणक्यापर्यंत पोचलं होतं.

“ऑक्टोबरात आलो असतो तर?” शशिकलाने एकदा एकटीनेच जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, “ते मला सांगता येणार नाही. कदाचित तेव्हाही पोचलेलं असेल.” खरं सांगणाऱ्या डॉक्टर होत्या, पण त्यांच्या ‘कदाचित’ने काही हलकं वाटलं नाही.

औषधं सुरू झाली. सखूबाईचे केस गेले. जूनमध्ये डावीकडे फार चिघळायला लागलं, म्हणून तेवढा भाग काढला. शशिकलाने मऊ मलमलीत कापूस भरून एक पॅड शिवलं, वजन उजवीकडच्याइतकं व्हावं म्हणून आत मोहरी घातली, आणि ब्लाऊजच्या अस्तरात त्याला खिसा केला. सखूबाईने ते दोन दिवस वापरलं आणि परत आणून दिलं.

“मना नको हा. हलका वाटतंय तेच बरा.”

“वाकडं दिसतं वैनी.”

“दिसू दे की. आता तरी दिसू दे.”

एका दुपारी, गाळ्यातच चटईवर पडली असताना, शशिकलाने तिला ते पायरीवरचं सांगितलं. पेढे घेऊन आले त्या दिवशी खोटं बोलायचं मनात आलं होतं. बोलले असते तर तुम्ही तेव्हाच आला असता.

सखूबाई डोळे मिटून ऐकत होती. “तुला जमला नसता,” ती म्हणाली. “तू तोंडानं खोटा बोलत नाय. कापडानं बोलतेस.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसायला गेली, तर खोकला आला. खोकला थांबल्यावर तिने हात पुढे करून शशिकलाचं बोट धरलं, ते सुईचं. “हाय का अजून आत?”

“नव्हतीच.”

“बग.”

मार्गशीर्षात, एका गुरुवारी सकाळी, सखूबाई गेली. बळीरामभाऊ असताना गेली, सवाष्ण. घरच्या बायकांनी हिरवी साडी काढली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हिरवा ब्लाऊज कुठलाच अंगाला येणार नाही, इतकी ती वाळली होती. परेश कापड घेऊन खाली आला. दारात उभा राहिला. “मावशी, नुसता अंगावर ठेवण्यापुरता कर. माणसं जमलीत. दुपारी दोनला काढायचंय.”

शशिकलाने वही काढली. पान उघडलं, पण त्यातलं कुठलंच माप आता उपयोगाचं नव्हतं. ती वर गेली. बायकांना बाजूला व्हायला सांगितलं आणि सखूबाईचं माप पुन्हा घेतलं. गळ्यात टेप, हातात पेन्सिल, नेहमीसारखं. उजवी बाजू इतकी. डावी बाजू सपाट, छातीला गोलाई देणारा टक्स नाही. ते तिने जसं होतं तसं लिहिलं.

खाली येऊन कापलं. डावीकडे टक्स घातला नाही, कापूस भरला नाही, आत काही घेतलं नाही. मशीनचा आवाज वर ऐकू जात होता, त्यामुळे वरचं रडणं मधे मधे थांबत होतं. दीड वाजला. परेश पुन्हा आला.

“मावशी, हुक नको लावू. कुणाला दिसणार नाही.”

“थांब,” ती म्हणाली. “सहाच आहेत.”

आणि तिने सहाही हुक लावले, एकेक, दुहेरी दोऱ्याने.